सांग, मी लिहिते

हिवाळ्यात संध्याकाळ लवकर घरात येते. मुलांचं बाहेरचं खेळणं आटपतं, खिडक्या बंद होतात, दिवे लागतात, आणि जेवायला मात्र अजून बराच अवकाश असतो. मोठ्यांच्या अंगात दिवसभराचा थकवा आणि मुलांच्या अंगात अजून न संपलेला दिवस, असा तो मधला तास. आमच्याकडे त्या तासात एक जाड, बिनरेघी वही उघडते. या वहीने मला माझ्या मुलांबद्दल जेवढं सांगितलं तेवढं दुसऱ्या कशानेच सांगितलेलं नाही, म्हणून आज तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते आहे.

ही मुलांची हिवाळ्याची रोजनिशी. लेक सहा वर्षांची आहे, धाकटा साडेतीनचा. तिला जोडाक्षरं अजून जड जातात आणि त्याला अक्षरं म्हणजे नुसती चित्रं वाटतात. "लिहिता येत नाही, तर रोजनिशी कसली?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. माझं उत्तर ठरलेलं आहे. सांगता येतं ना? मग पुरे. मूल सांगेल, आपण लिहू. लहान मुलांच्या रोजनिशीबद्दल मला जे काही म्हणायचंय ते सगळं यातच आलं.

हा आग्रह नुसत्या मायेपोटी नाही. मनगटात आठ लहान हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी मऊ, लवचिक कूर्चेचीच असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांतल्या दोन ठिकाणी खरं हाड धरू लागतं, मग वर्षा-दोन वर्षांनी एकेकाची पाळी येते. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत सात हाडांची सुरुवात झालेली असते आणि आठवं त्यानंतरही काही वर्षं वाट पाहतं. बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबाही याच वयात हळूहळू येत जातो. अशा हाताकडून 'आज मी काय केले' या विषयावर दहा ओळी मागायच्या, आणि तो दुसऱ्या ओळीलाच दमला की 'याला लिहायची आवडच नाही' असं ठरवून टाकायचं, हा त्या मुलावर अन्याय आहे. आवड भरपूर असते. सांगायलाही भरपूर असतं. ते कागदापर्यंत पोचवायला तेवढा एक मोठा हात लागतो.

अमेरिकेतल्या बालशिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात वर्षानुवर्षं हेच केलं. मूल गोष्ट सांगायचं, त्या ती मुलाच्याच शब्दांत उतरवून घ्यायच्या, आणि मग वर्गातली मुलं ती गोष्ट करून दाखवायची. आमच्या घरात नाटकापर्यंत मजल क्वचितच जाते, पण उतरवून घेण्याचा तो नियम मी मनापासून पाळते. शब्द मुलाचे. एकही बदलायचा नाही.

नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार कठीण. लेक एकदा म्हणाली, "आज थंडी माझ्या बाहीतून आत शिरली आणि कोपरापाशी बसून राहिली." मोठ्या माणसाचा हात अशा वेळी 'आज खूप थंडी होती' असं लिहून मोकळा होतो. तेही खरंच, पण ते कोणाचंही वाक्य आहे. कोपरापाशी बसून राहिलेली थंडी एकाच मुलीची आहे. धाकटा म्हणतो, "धुकं आली होती आणि झाडाला खाऊन टाकली." तेही तसंच उतरतं. लिंग-वचनाची घडी बोलण्यातून आपोआप बसेल. तिच्यासाठी वही खर्ची घालायचं काही कारण नाही.

लिहून झालं की मी अक्षरांखालून बोट फिरवत ते सावकाश वाचून दाखवते. या वाचण्यात किती काय घडतं, ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. लेक मला अडवते, "थांब आई, 'बसून राहिली' लिहिलंस ना? नुसतं 'बसली' नको." आपलं बोलणं कागदावर जसंच्या तसं टिकतं, आणि एक शब्द बदलला तर अर्थही हलतो, हे तिला कोणी समजावून दिलेलं नाही. धाकटा तर आता सांगता सांगता माझ्या पेनाकडे बघत थांबतो आणि पेन थांबलं की पुढचा शब्द देतो. अजून त्याला एक अक्षर ओळखता येत नाही, पण बोललेला शब्द लिहायला वेळ लागतो आणि शब्द एकामागून एक ओळीने येतात, हे त्याला पक्कं कळलंय. लिहिण्या-वाचण्याचा पाया याहून वेगळा काय असतो?

प्रश्न कसे विचारायचे, हे मात्र शिकावं लागतं. "आज काय काय केलं?" या प्रश्नाला जगातलं बहुतेक प्रत्येक लहान मूल "काही नाही" असंच उत्तर देतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. अख्खा दिवस एका दमात गोळा करून मांडणं मोठ्यांनाही जमत नाही. म्हणून प्रश्न लहान करायचा. आज हाताला सगळ्यात गार काय लागलं? कालपर्यंत नव्हता असा कुठला आवाज आज ऐकू आला? पांघरुणातून बाहेर यायला आधी कोण तयार झालं, डोकं की पाय? शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली होती. रॉबिन फायवुश आणि इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी आईवडील मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात याचा बराच अभ्यास केला आहे. जे पालक 'कोण, कुठे, मग काय झालं, तुला कसं वाटलं' असे मोकळे प्रश्न विचारतात आणि मुलाने दिलेल्या धाग्यालाच पुढे नेतात, त्यांची मुलं पुढे स्वतःच्या आठवणी अधिक तपशिलाने सांगू लागतात, असं त्यांना दिसलं. संध्याकाळच्या दहा मिनिटांत आपण नेमकं हेच करत असतो.

आता हिवाळाच का? पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात वही उघडू नये असं मुळीच नाही. पण हिवाळ्यातले बदल मुलाच्या मापाचे असतात. ते रोज थोडेथोडे होतात आणि डोळ्यांना दिसतात. दिवस आखडतो, सावल्या लांबतात, श्वास दिसायला लागतो, काच धुरकटते, झाडं उघडी पडतात. शिवाय संध्याकाळी बसायला वेळ असतो.

सावल्यांचं पान माझं सगळ्यात लाडकं, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते. एक खेळणं निवडायचं, उभं राहणारं आणि न डगमगणारं. आमच्याकडे लाकडी जिराफ आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी ठरलेल्या वेळी, बाराच्या सुमाराला, तो ऊन येईल अशा सपाट जागी ठेवायचा आणि त्याच्या सावलीएवढी कागदाची पट्टी कापायची. पट्टीवर तारीख घालायची आणि वहीत चिकटवायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच जिराफ, तीच जागा, तीच वेळ. पट्ट्या शेजारी शेजारी बसत जातात. उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या वाढत जातात. २१ किंवा २२ डिसेंबरला दुपारचा सूर्य वर्षातला सगळ्यात खाली असतो, म्हणून त्या सुमाराची पट्टी सगळ्यात लांब. मग काही दिवस काहीच हलत नाही असं वाटतं, आणि जानेवारीत त्या आखडू लागतात. दक्षिण गोलार्धातल्या मुलांना हेच जूनच्या आगेमागे दिसेल.

पट्ट्यांची ती चढण आणि उतरण सहा वर्षांची मुलगी बोटाने चाचपू शकते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे हे तिला कळायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. पण त्या कलण्याचा परिणाम तिने स्वतः कात्रीने कापून, खळ लावून चिकटवलेला असेल, आणि पुढे कधीतरी वर्गात आस, अंश वगैरे शब्द येतील तेव्हा ते तिला ओळखीच्या गोष्टीवर येऊन बसतील. एका दुपारी तिने विचारलं, "सूर्य लांब गेलाय का? म्हणून थंडी वाजते?" किती तर्कशुद्ध प्रश्न! खरं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत सगळ्यात लांब, १५.२ कोटींवर. मी एवढंच म्हटलं, "लांब नाही गेला, खाली उतरलाय. तिरका बघतो आपल्याकडे." तिने लगेच लिहून घ्यायला सांगितलं, "सूर्य हिवाळ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो." ते पान मी कितीदा तरी उघडून वाचते.

थंडी मोजायचं पानही मुलांच्या हिशेबाने करता येतं. अंकांची ओळख असलेल्या मुलाने तापमापकातला आकडा पाहून रोज एक चौकोन रंगवावा. आधी ठरवून ठेवायचं की कुठल्या आकड्याला कुठला रंग: जास्त गार दिवसाला गडद निळा, मग फिका निळा, हिरवा, पिवळा. महिन्याभरात पानावर थंडीची लाट आली, ओसरली, परत आली, हे आपोआप उमटतं. धाकट्याला आकडे कळत नाहीत, तर तो अंगावर जितके कपडे चढवले तितकी बटणं कागदावर काढतो. दोघांचे चौकोन आणि बटणं एकाखाली एक ठेवली की बऱ्याचदा जुळतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथे दोघांची मोठी वादावादी होते. मला ती वादावादी फार मोलाची वाटते. थंडी हवेत असते की अंगात, हा प्रश्न त्यांनी स्वतः शोधून काढला.

श्वासाचं पान करायला गार सकाळ लागते. शरीरातून बाहेर पडणारी हवा उबदार आणि ओलसर असते. बाहेरच्या गार हवेत तिच्यातल्या वाफेचे सूक्ष्म थेंब होतात, तेच आपल्याला दिसतात. मुलांना मी हे एका वाक्यात सांगते आणि मग खेळू देते. तोंड मोठं उघडून 'हा' केलं तर जास्त दिसतं की ओठ आवळून फुंकलं तर? नाकातून सोडला तर? चालताना, पळून आल्यावर? प्रत्येकाचं चित्र वेगळं येतं. पांढऱ्या कागदावर पांढरा श्वास काढायचा कसा, ही अडचणही येते, आणि ती येऊ द्यावी. आमच्याकडे आधी राखाडी कागद पुढे आला, मग मेणाच्या पांढऱ्या खडूने काढून वरून पातळ निळा रंग फिरवायची युक्ती. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे खडूची रेघ निळ्यातून वर उठून दिसते. धाकटा दर वेळी ओरडतो, जणू ते पहिल्यांदाच घडतंय.

खिडकीच्या काचेवर बोटाने काढलेली चित्रं वहीत कशी आणायची? एकच मार्ग, ती पुसली जायच्या आत बघून घ्यायची आणि आठवून काढायची. इथे एक गंमत मुलांना जरूर दाखवावी. काच सुकली की चित्र गेल्यासारखं वाटतं, पण पुन्हा धुरकटली की बोटाच्या तेलकटपणामुळे तेच चित्र परत दिसतं. कालचं चित्र आज आपोआप वर आलेलं पाहून दोघं कितीतरी वेळ काचेला नाक लावून उभी होती.

बर्फ पडणाऱ्या मुलखात राहणाऱ्यांचा मला या बाबतीत हेवा वाटतो. तिथे काळं कापड आधी बाहेर गार होऊ द्यायचं आणि त्यावर पडणारी हिमकणी भिंगातून बघायची. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याची आई शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवलं आणि तिचाच जुना सूक्ष्मदर्शक त्याला मिळाला. त्यातून हिमकण बघून तो त्यांची चित्रं काढायचा, पण चित्र पुरं व्हायच्या आत कण वितळून जायचा. शेवटी कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने एका हिमकणाचं छायाचित्र मिळवलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पुढे आयुष्यभरात त्याने पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. ही हकिकत मुलांना सांगितली की ती त्यातल्या वितळण्यापाशी अडकतात. "मग त्याने रडून नाही टाकलं?" धाकट्याने विचारलं. त्याला माहीत आहे, अर्धं राहिलेलं चित्र हातातून जाणं म्हणजे काय.

बर्फ नसेल तिथे कागदाचा हिमकण कापता येतो, फक्त तो सहा टोकांचा असावा एवढा माझा हट्ट आहे. कागदाची घडी अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात घातली की आठ टोकं येतात, आणि तसे आठ हातांचे हिमकण जिकडेतिकडे दिसतात. खरा कण सहाच हातांचा, कारण बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. हे सहाच का, हा प्रश्न १६११ मध्ये योहानेस केपलरसारख्या खगोलशास्त्रज्ञाला पडला आणि प्रागमध्ये पुलावरून जाताना कोटावर पडलेल्या हिमापासून सुरू होणारी एक छोटी पुस्तिका त्याने लिहिली. म्हणून घडी अशी घालावी: वाटी ठेवून गोल आखायचा, कापून अर्धा दुमडायचा, आणि त्या अर्ध्या गोलाच्या तीन सारख्या पाकळ्या एकमेकींवर आणायच्या. मग कडेने कात्री चालवायची. उलगडताना प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो, माझ्यासुद्धा.

पानगळ झालेल्या झाडाची एकच फांदी दर आठवड्याला बघून काढायची, हेही सोपं आणि खोल काम आहे. पान गळतं तिथे फांदीवर एक लहानसा वण राहतो आणि त्याच्या वर बहुधा पुढच्या वर्षीची कळी मिटून बसलेली असते. उघड्या झाडाला लोक सुकलेलं म्हणतात. मुलांनी मात्र कळ्या मोजलेल्या असतात, त्यामुळे ती तसं म्हणत नाहीत. गळलेल्या पानांचे ठसे घ्यायचे असतील तर शिरांची बाजू वर ठेवायची, वरून पातळ कागद, आणि मेणाच्या खडूचं वेष्टन काढून तो आडवा धरून घासायचा.

अंधाराचं पान तर हिवाळ्याचा हक्कच. खोलीतले दिवे मालवायचे, एक मिनिट गप्प बसायचं आणि मग दिवा लावून ऐकलेले आवाज काढायचे. आवाजाचं चित्र कसं असतं, असं लेकीने विचारलंच नाही. तिने घड्याळाला बारीक ठिपके दिले, दूरच्या गाडीला लांब मऊ रेघ, आणि धाकट्याच्या शिंकेला पानभर लाल फराटा. काळ्या कागदाला भोकं पाडून तारे करता येतात. उत्तर गोलार्धात या दिवसांत संध्याकाळनंतर मृग नक्षत्र वर येतं आणि त्यातला तीन ताऱ्यांचा सरळ बाण लहान मुलालाही चटकन सापडतो. बाणाच्या रेघेने एका बाजूला गेलं की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. आधी आकाश, मग कागद, असाच क्रम ठेवावा. छापील तक्ता बघून केलेली भोकं मुलाच्या लक्षात राहत नाहीत.

चित्रांबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या चित्रातला माणूस म्हणजे एक गोल आणि त्यालाच फुटलेले पाय. पोट नाही, मान नाही. जगभरची मुलं या टप्प्यावरून जातात. र्‍होडा केलॉग या बालशिक्षिकेने मुलांची सुमारे दहा लाख चित्रं गोळा केली आणि अगदी सुरुवातीच्या गिरगोट्यांतही वीस मूळ प्रकार वेगळे काढून दाखवले. म्हणजे ज्याला आपण 'नुसतं गिरवणं' म्हणतो, त्यालाही घडण असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांच्या मते मुलाचं चित्र म्हणजे कागदावरचं बोलणंच. मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं, आणि लिहिण्याची वाट हावभावातून, खेळातून आणि चित्रातूनच येते. त्यामुळे चित्र पाहिल्यावर "हे काय काढलंयस?" असं विचारू नये. त्यात 'मला ओळखू येत नाही' हे मुलाला ऐकू येतं. "मला याबद्दल सांग" म्हणावं आणि पेन उचलावं. आणि कितीही मोह झाला तरी त्याच्या माणसाला आपण मान काढून देऊ नये.

हाच न्याय शुद्धलेखनाला. लेक आता स्वतःही एखादा शब्द लिहिते. 'सावली'ची 'सवली' होते, 'थंडी'ची 'थडि'. चार्ल्स रीड या भाषाशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या, शाळेत न गेलेल्या मुलांचं स्वतःहून लिहिलेलं तपासून दाखवलं की त्यांच्या चुका वाटेल तशा नसतात. मुलं कानाला जाणवलेल्या आवाजांवरून नियम बांधतात आणि ते सातत्याने पाळतात. 'थडि'मधलं अनुस्वाराचं सुटणंही मला तसंच वाटतं: जो आवाज नाकात जाऊन हलका झाला, तो तिने अजून पकडलेला नाही. रोजनिशीत लाल पेन येता कामा नये. तिने "बरोबर आहे का?" असं विचारलं तर मी बरोबर लिहून दाखवते, शेजारच्या कागदावर. वहीत तिचंच राहतं.

मनाचं हवामान हेही या वहीत येतं, पण ते ओढून आणू नये. 'आज तुला कसं वाटलं?' असा रोजचा रकाना केला की मुलं ठरलेले चेहरे काढून मोकळी होतात. हवामान बोलता बोलता मात्र मन आपसूक येतं. एका संध्याकाळी धाकट्याने बाहेर लख्ख आकाश असताना पानभर काळा ढग काढला. मी म्हटलं, "सांग, मी लिहिते." तो म्हणाला, "हा ढग घरातला आहे. ताई खेळायला घेत नाही." मी लिहिलं, वाचून दाखवलं. लेकीनेही ऐकलं. कोणी कोणाला काही समजावलं नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि त्याच्या ढगाखाली तिने दोन माणसं काढली, त्याच्या पद्धतीची, बिनमानेची.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगते. वही बिनरेघी, जाड कागदाची आणि तारेच्या बांधणीची घ्यावी, कारण चिकटवाचिकटवीने ती फुगते. खडू जाड असावेत. तारखेचा रबरी शिक्का मिळाला तर जरूर आणावा. तारीख उमटवण्याच्या ओढीनेच धाकटा बऱ्याचदा वहीकडे येतो. आयत्या छापील पानांच्या मी विरोधात आहे. 'इथे हिममानव रंगवा', 'इथे तुमची आवडती गोष्ट लिहा' असल्या पानावर मूल दुसऱ्या कोणाच्या तरी हिवाळ्यात रंग भरत बसतं. आणि रोज झालंच पाहिजे असाही धाक नको. कंटाळा आला तर वही मिटावी. चांदणी, गुण, बक्षीस काहीही नको.

मी हे सगळं इतक्या निकडीने का सांगते आहे, त्यालाही कारण आहे. लहानपणाच्या आठवणी विरतात, आणि त्या नेमक्या कधी विरतात याचा शोध मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बाउअर यांनी घेतला. तीन वर्षांच्या मुलांशी आईवडिलांनी अलीकडच्या घटनांबद्दल मारलेल्या गप्पा त्यांनी नोंदवून ठेवल्या आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच घटना मुलांना विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतल्या ६० टक्क्यांहून अधिक आठवत होत्या. आठ-नऊच्या वयात ते प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे माझ्या लेकीला आज तिचं तिसरं वर्ष आठवतंय, आणि अजून दोन-तीन वर्षांत त्यातलं बरंचसं जाणार आहे. धाकट्याचा हा हिवाळा, धुक्याने खाल्लेलं झाड, ताईवरचा ढग, तो मोठा झाल्यावर त्याच्यापाशी बहुधा नसेल. हे वाचल्या दिवसापासून मी दर पानावर त्याचे शब्द अधिक जपून उतरवते. फोटो त्याचा चेहरा ठेवतील. त्या वयात तो जगाकडे बघून काय म्हणत होता, ते मात्र कोणीतरी लिहून घेतलं तरच राहील.

म्हणूनच वही मुलांची आहे, हे मोठ्यांनी कधीही विसरू नये. ती उंच फळीवर जपून ठेवायची वस्तू नाही. मुलांच्या हाताला लागेल अशीच ती असावी, मग पानं फाटली तरी चालतील. आजी-आजोबांना पान दाखवायचं असेल, त्याचा फोटो कुणाला पाठवायचा असेल, तर मी आधी विचारते. बहुतेक वेळा आनंदाने होकार येतो. एका पानाला लेकीने ठाम नकार दिला, "हे फक्त तुझं आणि माझं." त्या पानाबद्दल मी इथेही काही लिहिणार नाही.

थंडी सरली की वहीत कोरी पानं उरतात. ती भरून काढायची घाई आम्ही करत नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच वहीत, उरलेल्या पानापासून पुढे सुरुवात होते, आणि तिथपर्यंत पोचायला आधीची सगळी पानं उलटावीच लागतात. या वर्षी उलटताना लेकीने स्वतःचंच जुनं वाक्य वाचायला लावलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "आई, याच्याखाली अजून लिही. थंडी आता कोपरापाशी बसत नाही, कारण बाही मोठी झालीय." मी लिहिलं. तिने शिक्क्यावरची तारीख फिरवून त्या ओळीशेजारी उमटवली, आणि धाकट्याने विचारलं, "माझी बाही कधी मोठी होणार, तेपण लिही ना."